पूर्ण डिस्कची इमेज: अजून कामाची की नुसती डोकेदुखी?

पेठकर:
डीटीपीच्या दुकानातल्या विंडोज १० पीसीची सिस्टिम इमेज (विंडोज, प्रोग्राम, फाइल्स यांसकट डिस्कची हुबेहूब प्रत) १ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतोय. सी ड्राइव्ह भरलेला जेमतेम १४० जीबी, एक्स्टर्नल जवळपास रिकामी, फॉरमॅट एनटीएफएस. तरी दर वेळी तेच: शॅडो कॉपीसाठी (चालू ड्राइव्हची त्या क्षणाची प्रत) पुरेशी जागा नाही, एरर ०एक्स८०७८०११९. केबल बदलली, पोर्ट बदलला, एक्स्टर्नल पुन्हा फॉरमॅट केली. माझं मत, हा प्रकारच बाद झालाय. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच ही सोय मोडीत काढायच्या यादीत टाकली. फाइल्स कॉपी करा, वेळ आली की विंडोज नव्याने टाका. पटत नसेल तर कारण सांगा.

निवांत नाना:
अहो, जागा एक्स्टर्नलवर कमी पडतच नाहीये, मग केबल बदलून काय होणार? इमेज घेताना विंडोज सी सोबत सिस्टिमची बारकी पार्टिशनंही (डिस्कचे वेगळे भाग) उचलतं, बिघाड दुरुस्तीचं 'रिकव्हरी' पार्टिशन धरून. त्यांचा आधी स्नॅपशॉट, म्हणजे तीच शॅडो कॉपी, निघतो आणि त्यासाठी त्या पार्टिशनमध्येच मोकळी जागा लागते. पार्टिशन ५०० एमबीच्या आत असेल तर किमान ५० एमबी, त्याहून मोठं असेल तर ३२० एमबी.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये रिकव्हरी पार्टिशनपुढे बहुधा '१००% फ्री' दिसेल, त्यावर जाऊ नका. विंडोजच्या डिस्कपार्ट कमांडने तात्पुरतं ड्राइव्ह लेटर देऊन खरा आकडा बघा. कमी असेल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'रीएजंट-सी /डिसेबल' द्या. रिकव्हरीची फाइल सी वर जाते, पार्टिशन मोकळं होतं. इमेज झाली की '/एनेबल'.

पेठकर:
बघितलं. पार्टिशन ५२९ एमबी, मोकळे ८० च्या आसपास. निदान मान्य. पण जागा कमी आहे म्हणायचं आणि कुठे ते सांगायचं नाही, अशा साधनावर दुकान सोपवायचं? माझं मत आणखी पक्कं झालं.

कळफलक:
पेठकरांशी सहमत. इमेजमध्ये बिघडलेली रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), लपलेला व्हायरस, सगळं जसंच्या तसं परत येतं. शिवाय ही इमेज मूळपेक्षा लहान डिस्कवर उतरत नाही. १ टीबीची हार्ड डिस्क गेली म्हणून ५०० जीबीची एसएसडी आणलीत तर अडकलात, डेटा १४० जीबीच असला तरी. आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. ते पुन्हा जिवंत करण्यासाठी एवढा आटापिटा? काम दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा.

जुनं मशीन:
दोघांनाही एक विचारतो. डीटीपीचं दुकान म्हणताय ना? मग पानं मांडायचं पेजमेकर असेल, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. श्रीलिपी या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरचे जुने फॉन्ट असतील, डोंगल (सॉफ्टवेअर चालायला पीसीला लावायची किल्ली) आणि त्याचा ड्रायव्हर असेल. या सगळ्याच्या सीडी आज हाताशी आहेत का? नुसत्या फाइल्स वाचवल्या आणि ते फॉन्ट गेले, तर लग्नपत्रिकेच्या जागी अगम्य चिन्हांची रांग उघडेल. हे फॉन्ट युनिकोडचे (सगळीकडे चालणाऱ्या सामायिक अक्षर-संकेताचे) नाहीत. अशा मशीनची इमेजच हवी. नेट काढून ठेवा, विंडोज १० चालू दे.

साधन मात्र बदला. मी क्लोनझिला हे डिस्कची प्रत घेणारं सॉफ्टवेअर वापरतो. पेनड्राइव्हवरून चालतं, विंडोज बंदच असतं, त्यामुळे शॅडो कॉपीचा प्रश्नच येत नाही.

निवांत नाना:
क्लोनझिला उत्तम, पण त्या इमेजमधून एकच फाइल काढायची तर खटाटोप. विंडोजच्या इमेजमधली व्हीएचडीएक्स (आभासी डिस्कची) फाइल डबल क्लिक केली की ड्राइव्हसारखी उघडते. दुकानात रोज लागतं ते हेच. आणि कळफलक, व्हायरसची भीती असेल तर इमेज स्वच्छ असताना घ्यावी, अजिबात घेऊच नये असं कुठे ठरतं?

कळफलक:
फॉन्टचा मुद्दा बिनतोड, तेवढ्यापुरता माझा विरोध मागे घेतो. घरच्या पीसीला मात्र इमेज नकोच. बरं, डिस्कचं आरोग्य कोणी विचारलंच नाही. डिस्क तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोत 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा) शून्य नसेल तर आधी फाइल्स काढा, इमेज नंतर. मरणाऱ्या डिस्कला अख्खी वाचायला लावणं म्हणजे तिचा शेवट जवळ आणणं.

पेठकर:
पेंडिंग शून्य. रीएजंट-सी बंद केलं, इमेज पूर्ण झाली. सीडी नाहीत, हेही खरं. एक्स्टर्नलवर 'विंडोजइमेजबॅकअप' फोल्डर आलाय, तो तारखेच्या फोल्डरमध्ये टाकून ठेवतो.

निवांत नाना:
थांबा! आत टाकलात की रिस्टोअरच्या वेळी विंडोजला इमेज सापडणार नाही. नाव तेच, आणि ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीलाच. रीएजंट-सी परत चालू केलंत ना?

जुनं मशीन:
आणि विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह आजच बनवा, डिस्क गेली तर रिकव्हरी पार्टिशनही तिच्यासोबत जाणार. दुकान बंद असेल त्या दिवशी मूळ डिस्क काढून दुसऱ्या डिस्कवर एकदा रिस्टोअर करून बघा. १ टीबीची घ्या, कळफलकांची ५०० जीबीवाली नको.