द्राक्षात क्लोरपायरीफॉसचा अंश आलाय, मदत हवी आहे

निफाडजवळ थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग, माल युरोपला द्यायचा आहे. तोडणीपूर्वीच्या रेसिड्यू (औषधाच्या अंशाच्या) रिपोर्टमध्ये क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक ०.०३ आलंय. युरोपात त्याची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो. बाकी औषधं मर्यादेत आहेत.

आम्ही हे औषध या हंगामात फवारलेलंच नाही, डायरीत प्रत्येक फवारणीची नोंद आहे. संशय दोन ठिकाणी: बांधालगतच्या टोमॅटोवरून वाऱ्याने आलं, किंवा भाड्याच्या ब्लोअरची (फवारणी यंत्राची) टाकी नीट धुतलेली नव्हती. बांधाकडच्या चार ओळी सोडून वेगळा नमुना काढलाय, रिपोर्ट बाकी आहे. साखर १७ ब्रिक्स (म्हणजे साधारण १७ टक्के), माल तोडणीला आलाय, त्यामुळे फार थांबता येणार नाही. अंश धुण्यासाठी साध्या पाण्याची फवारणी टाळतोय, मण्यांना तडे जातील.

ज्यांना असा अनुभव आहे त्यांनी सांगा: ०.०३ वरून ०.०१ च्या खाली यायला घडावर साधारण किती दिवस लागले?