घर कुठे, यापेक्षा काम कुठे ते बघा

वर कोणीतरी म्हटलंय की टेक्सासला गेलं की कर वाचतो. अर्धंच खरं! तिथे राज्याचा आयकर नाही, पण घरपट्टी चांगलीच जड आहे.

आणि नुसतं घर हलवून भागत नाही. नोकरी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये, घर नदीपलीकडे वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरमध्ये, तरी ओरेगनमध्ये जाऊन कमावलेल्या पगारावर ओरेगन कर घेतंच. सुटतात ते घरून काम केलेले दिवस. न्यूयॉर्क त्याहून वस्ताद: ऑफिस तिथलं आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यातून काम करत असाल, तर ते दिवसही सहसा न्यूयॉर्कचेच धरतात. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात मात्र करार आहे, पगारावर राहत्या राज्याचाच कर. (काम पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियात असेल, तर त्या शहराचा वेगळा कर तरीही कापतात.)