नॅनो पावडर पॅकिंग रूमपर्यंत येतेय, मोजायची कशी नि काढायची कशी?

रबाळे_क्यूसी
रबाळे एमआयडीसीत आमचं कोटिंगचं छोटं युनिट आहे. नॅनो टायटॅनियम डायऑक्साइडची पोती फोडून मिक्सरमध्ये ओततात, आता बाजूच्या पॅकिंग रूममधल्या टेबलांवरही पांढरा थर दिसतोय. साहेबांनी पीएम २.५चं (हवेतली बारीक धूळ मोजायचं) मीटर आणलं, रीडिंग नॉर्मल आलं, विषय संपला म्हणतात. पोरं संध्याकाळी एअर गनने टेबलं साफ करतात. मीच उगाच घाबरतोय का?

कळव्याचा_बाप्पू
आधी ती एअर गन कुलपात टाका राव, बसलेली धूळ तुम्हीच रोज हवेत उडवताय!! आणि त्या मीटरला साधारण ०.३ मायक्रॉनखालचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दिसतच नाही, नॅनो म्हणजे ०.१च्या आतलं. गुठळ्या झालेली पावडर दिसेल, सुटे कण नाही. त्याला कंडेन्सेशन पार्टिकल काउंटर लागतो, कणावर अल्कोहोलची वाफ चढवून त्याला फुगवतो आणि मग मोजतो. पण कण कशाचा ते तो सांगत नाही, ठाणे-बेलापूर रोडवरचा डिझेलचा धूर आत आला तरी आकडा उडतो, म्हणून काम सुरू व्हायच्या आधी एकदा, पोती फोडताना एकदा आणि त्याच वेळी गेटबाहेर पण घ्या.

नेरूळ_लॅबवाली
काउंटरसोबत फिल्टर सॅम्पल घ्याच, टायटॅनियम किती ते लॅबमध्ये कळतं, आकार इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. अमेरिकेच्या नायॉशने (कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था) २०११ मध्ये हवेतल्या साध्या टायटॅनियम डायऑक्साइडला २.४ मिलिग्रॅम प्रति घनमीटर आणि अल्ट्राफाइनला, म्हणजे नॅनोला, ०.३ अशी मर्यादेची शिफारस दिलीय, साहेबांना एवढंच दाखवा. टेबलांचे वाइप सॅम्पल (पुसून घेतलेले नमुने) घ्याल तर वरच्या ऑफिसमधलंही एक घ्या, भिंतीच्या पांढऱ्या रंगातही हेच असतं, नाहीतर रिपोर्ट बघून उगाच दचकाल.

रबाळे_क्यूसी
ओके ताई. साफसफाईला साधा व्हॅक्यूम चालेल ना? दुकानात स्वस्त मिळतोय.

कळव्याचा_बाप्पू
अजिबात नको, मागच्या बाजूने सगळं परत बाहेर फेकेल. हेपावालाच घ्या, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर असलेला. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो म्हणतात त्यावर लोक विचारतात मग नॅनोचं काय, तर त्याहून बारीक कण भरकटत जाऊन फायबरला चिकटतात, उलट जास्त अडकतात. मग ओल्या फडक्याने पुसा, झाडू बंद. फडकी, ग्लोव्हज डबल पिशवीत सील करून लेबल लावा, नेहमीच्या कचऱ्यात नको, तुमच्या घातक कचऱ्यासोबत तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात जाऊ द्या. पुसणाऱ्याला एन९५ तरी द्या, सर्जिकल मास्कने काही होत नाही. बाकी पोती फोडायच्या जागी एक्झॉस्ट हूड (धूळ तिथल्या तिथे ओढून घेणारा) बसेपर्यंत हे रोजचंच आहे.

रबाळे_क्यूसी
हूडचं कोटेशन मागवतो. एअर गन आजच काढली, पोरं वैतागलीत.