शेवंती नुसती वाढून राहिली, कळीच नाही! आता शेंडे खुडू का?

गच्ची_मनीषनगर:
नमस्कार मंडळी. पिवळी अन् पांढरी शेवंती आहे माझ्याकडे, दहा इंची कुंड्यांमधे, समोरच्या गॅलरीत. झाडं हिरवीगार, कमरेपर्यंत आली, पण दसरा तोंडावर आला तरी कळीचं नाव नाही. नागपुरात बर्डीच्या फूलबाजारात ढीग लागले अन् आमच्याकडे नुसता पाला. नर्सरीवाला म्हणे शेंडे खुडा, फुटवे येतील. शेजारच्या काकू म्हणे डीएपी खत टाका. कोणाचं ऐकू? अन् खालची पानं काळी पडून गळून राहिली ते वेगळंच.

शेवंतीवेडा:
ताई, आता शेंड्याला हात लावू नका! खुडायचे दिवस जुलै-ऑगस्टचे. रोप वीतभर झालं की वरचा कोवळा शेंडा नखाने खुडायचा, बाजूचे फुटवे चार-पाच इंच झाले की त्यांचेही खुडायचे, अन् पोळा झाला की बंद. आपल्याकडे साधा हिशेब आहे हा. कारण कळी त्या शेंड्यातच बसते, आता खुडलं तर बसणारी कळीच काढून टाकाल.

कुंडीभर_माती:
डीएपी पण नको, त्यात नत्र असते. कळीच्या वेळी नत्र दिलं की झाड पाल्यातच रमते. महिनाभर सरकीची ढेप, शेणखताचं पाणी सगळं थांबवा, कळ्या दिसल्या की थोडं पोटॅश द्या, ०:०:५० नावाचं पोटॅशचं खत मिळते ते लिटरभर पाण्यात अर्धा चमचा, बस.

शेवंतीवेडा:
एक विचारायचं राहिलं, गॅलरीसमोर लाईटचा खांब आहे का?

गच्ची_मनीषनगर:
आहे न, अगदी समोर, पांढरा एलईडी, रात्रभर गॅलरीत उजेड असतो. त्याचा काय संबंध?

शेवंतीवेडा:
तोच तर संबंध! शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. जूनमधे आपल्या नागपुरात दिवस जवळजवळ साडेतेरा तासांचा असतो, सप्टेंबर संपता संपता बारावर येतो, तेव्हा तिला कळते की आता फुलायचं. पण रात्री उजेड पडत राहिला तर झाडाला वाटते उन्हाळाच चालू आहे अन् ते वाढतच सुटते. तुमच्या मागच्या गच्चीवर अंधार असेल तर कुंड्या आजच तिकडे न्या, फक्त दिवसभर ऊन मिळालं पाहिजे. ते जमत नसेल तर संध्याकाळी सहाला काळं कापड टाकायचं अन् सकाळी सातला काढायचं, रोज, कळ्यांना रंग दिसेपर्यंत. मधे टॉर्च मारून पाहू नका. दसऱ्याला नाही मिळायची फुलं पण नोव्हेंबर-डिसेंबरमधे नक्की. तसंही ऑक्टोबर हीटमधे रात्री गरम असल्या की कळी उशिराच येते.

कुंडीभर_माती:
काळ्या पानांचं मी सांगतो. माती कोणती भरली? आपली काळी माती एकटीच भरली असेल तर पाणी धरून बसते, मुळं गुदमरतात, वरून पानांवर पाणी मारलं की बुरशी धरते. सध्या खराब पानं काढून जाळा, बुडाशीच पाणी द्या, तेही सकाळी अन् वरची माती सुकली की. पुढल्या वेळी निम्मी माती, बाकी वाळू अन् कुजलेलं शेणखत. शेंड्यावर काळा मावा दिसला तर पाण्याचा जोराचा फवारा, नाही गेला तर नीम तेल संध्याकाळी.

गच्ची_मनीषनगर:
धन्यवाद दोघांनाही, उद्याच मागे नेते कुंड्या. मोठं फूल हवं असेल तर? अन् फुलं संपल्यावर झाड फेकायचं का?

शेवंतीवेडा:
फेकता कायले! मोठं फूल हवं तर एका फांदीवर मधली टपोरी कळी ठेवा, बाजूच्या वाटाण्याएवढ्या झाल्या की काढा, अन् बांबूची काडी लावा नाहीतर फूल माना टाकते. पण छोट्या फुलांच्या शेवंतीत असं करू नका, तिचं सौंदर्य भरगच्चपणातच आहे. बहर संपला की चार-पाच इंच ठेवून छाटा, बुडाशी नवीन मुनवे, म्हणजे मुळाजवळून निघणारे कोंब, येतील. खरी परीक्षा एप्रिल-मेची, पारा ४५ ला गेला की ग्रीन नेटखाली पूर्वेकडे ठेवा, रोज थोडंथोडं पाणी. पाऊस लागला की त्याच मुनव्यांचे शेंडे कलम करून लावा, जुनं खोड नंतर काढून टाकलं तरी चालते.

कुंडीभर_माती:
अन् पांढरीचे दोन मुनवे माझ्यासाठी ठेवा ताई, बदल्यात जांभळी देतो :)