क्वेकर ख्रिस्ती आहेत की नाहीत?

नगरची_लेक
'विलायती_पाहुणा' यांनी काल लिहिलं की क्वेकर, म्हणजे जॉर्ज फॉक्सनं सतराव्या शतकात इंग्लंडात सुरू केलेला पंथ, ख्रिस्ती नव्हेतच. येशूला बाजूला सारून सगळे धर्म सारखे म्हणणारी ती मंडळी. वाचून रात्रभर चरफडले. बर्मिंगहॅमला नऊ वर्षं मी त्यांच्या रविवारच्या उपासनेला जाते. तिथं पाळक नाही, बाप्तिस्म्यासारखे विधी नाहीत, सगळे तासभर शांत बसतात. माझे आजोबा नगरकडे चर्चचे पाळक होते, शास्त्र मलाही ठाऊक आहे.

फॉक्सनं 1656 साली तुरुंगातून लिहिलं की प्रत्येकात देवाचं काही आहे. तेवढंच सगळे धरून बसतात. पण 1647 साली, सगळ्या पाळकांकडून निराश झाल्यावर, 'तुझ्या अवस्थेशी बोलू शकेल असा एक ख्रिस्त येशूच आहे' ही वाणी ऐकली ती याच फॉक्सनं! बायबलात योहानाच्या पहिल्याच अध्यायात ख्रिस्त हा प्रकाश आहे आणि तो प्रत्येक माणसाला उजळतो. त्याच आधारानं रॉबर्ट बार्कले या क्वेकर पंडितानं 1676 मध्ये मांडलं की ज्याच्या कानी येशूचं नावही पडलं नाही, त्यालाही तो तारू शकतो. सर्वांना सामावून घेणं हे ख्रिस्ताला सोडून नाही, ख्रिस्तावरच्या विश्वासातूनच आलंय.

विलायती_पाहुणा
बार्कले राहू द्या. आज ब्रिटनमधल्या तुमच्या उपासनेत देव न मानणारेही असतात की नाही?

नगरची_लेक
असतात. मलाही ते खुपतं. पण त्यावरून साऱ्यांना मोजू नका. जगात सर्वांत जास्त क्वेकर केनियात आहेत. तिथं पाळक आहेत, प्रवचन आहे, गाणी आहेत.

वसईकर
केनियात आहेत, तुमच्याकडे नाहीत ना? माझं दुखणं तेच. लंडनला एकदा गेलो, तासभर नुसती घड्याळाची टिकटिक. आई वारली तेव्हा चाळीस माणसं आमच्या घरात गात होती, त्या आवाजानं मी उभा राहिलो. ज्यांच्या घरी कधी आकांत झाला नाही त्यांनीच शांततेचं कौतुक करावं.

नगरची_लेक
हे शब्द मागे घ्या. माझं बाळ पोटातच गेलं. तेव्हा मी दुसऱ्या एका चर्चमध्ये जायचे. तिथं जो भेटेल तो 'देवाची इच्छा' म्हणायचा. मग या शांततेत येऊन बसले. कुणी समजूत घातली नाही. शेजारच्या म्हातारीनं तासभर माझा हात धरून ठेवला. कुणी एक शब्द बोललं असतं तर मी उठून गेले असते.

वसईकर
बाळाचं ठाऊक नव्हतं. ते वाक्य मागे घेतो. गाण्याचं नाही.

साताऱ्याचा_शिष्य
ना. वा. टिळकांना सगळेच विसरलात. अभंग, भजन, कीर्तन सगळं त्यांनी येशूपाशी आणलं, आणि 1917 साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा येशूभक्तांचा मेळा काढला तो बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्यांनाही धरून. माझ्या थोरल्या काकांना बाप्तिस्मा नाही म्हणून चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या, रांगेतून परत पाठवलं होतं. त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. विधी नाहीत म्हणून कुणी क्वेकरांना कमी लेखलं की मला काकांचं ताट आठवतं.

विलायती_पाहुणा
टिळकांनी स्वतः 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, ते बरं गाळलंत. असो. फॉक्स ख्रिस्ती होता, मान्य. केनियातलेही, मान्य. बर्मिंगहॅमचं मी एकेकाला विचारल्याशिवाय मानणार नाही.

नगरची_लेक
या रविवारीच या. आधी तासभर बसा, मग हवं त्याला विचारा. वसईकर, तुम्हीही या. नंतर चहाला सगळे थांबतात, तिथं गा. आईसाठी जे गायलं होतं तेच.