समोरचा काय करेल याचा नेम नाही: गाडी चालवताना तुम्ही कसं सांभाळता?

रानवाट (धागाकर्ती):
फोनवर बोलत लेन सोडणारा, इंडिकेटर न देता वळणारा, उलट्या दिशेने येणारा. यांना सुधारणं आपल्या हातात नाही. गाडीतली माणसं सुखरूप घरी आणणं बरंचसं आहे. 'सावकाश चालवा' एवढंच नको. नेमकं काय बघता, कशावरून ओळखता, ते लिहा. माझी सवय: कडेला उभ्या गाडीचं पुढचं चाक बघायचं. ते वळलं की गाडी निघणार, इंडिकेटर असो वा नसो. आत कुणी बसलेलं दिसलं तर दार उघडणार असं धरूनच स्कूटर लांबून न्यायची.

कृष्णाकाठ:
ताई, चांगला विषय काढलात. आमच्या कराड-इस्लामपूर पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीचा रस्ताच बदलतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. वर गाणी इतकी मोठ्याने की आपला हॉर्न पोचतच नाही. त्यात समोरून कुणी अप्पर मारत आला की डोळ्यांपुढे अंधार. तेव्हा मी नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर आणतो आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. अजून एक खूण सांगतो. लांबून येणारे दिवे मध्येच झाकले गेले, तर वाटेत काहीतरी आहे. पुष्कळदा पंक्चर ट्रेलर असतो, चाकाला दगड लावून सोडलेला. 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. ट्रेलर उजेडात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून हंगामात रात्री पन्नासच्या वर जात नाही, मागचा कितीही डिपर मारू दे.

म्हापसेकर:
गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणजे भाड्याची गाडी. कळंगुटच्या वाटेवर असा पर्यटक फोनमध्ये रस्ता बघत जागीच ब्रेक लावतो. पाटी दिसली की मी अंतर वाढवते. नवखी माणसं असतात, चिडून काय करणार?

घाटमाथा:
एसटीत चालक होतो, आता निवृत्त. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियम, पण उतरणारा तो पाळेल या भरवशावर मी कधी वळण घेतलं नाही. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना आरसा सोडू नका. डिझेल वाचवायला काही ट्रक न्यूट्रलवर सोडतात. इंजिनाचा आधार जातो, ब्रेक तापतात आणि मग लागत नाहीत. तिथे रांग लागली तर पुढच्या गाडीला चिकटू नका, कडेला निघता येईल एवढी जागा ठेवा. मागे दुसरं वाहन येऊन थांबेपर्यंत गिअर काढू नका, चारही इंडिकेटर चालू ठेवा.

निळी स्कूटी:
काका, ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो तेव्हा 'जा पुढे' समजायचं की 'मी वळतोय'?

घाटमाथा:
पोरी, दोन्हीसाठी देतात, म्हणून त्यावर विसंबायचं नाही. उजवीकडे फाटा, पंप, ढाबा किंवा दुभाजकात फट आहे का ते आधी बघ. असली तर मागेच थांब. नसली तरी समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांना मोकळा दिसल्याशिवाय निघू नकोस. आणि डावीकडून तर मुळीच घुसू नकोस, त्या बाजूचं त्याला फार कमी दिसतं.

रानवाट:
समृद्धीवर नेहमी जाणारं कुणी आहे का? त्या सरळ रस्त्यावर पेंगलेला ड्रायव्हर लांबून कसा ओळखता?