रापणीवरचा माहितीपट: परदेशी फंडाला अर्ज करायचा तर सुरुवात कुठून करू?

किनारपट्टी_मालवण
नमस्कार मंडळी. आमच्याकडच्या रापणीवर माहितीपट करतोय. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि सगळ्या वाडीने मिळून ओढायचे. जी मासळी येईल तिचे वाटे. पर्ससीनवर, म्हणजे मोठ्या यांत्रिक बोटींच्या वेढा घालणाऱ्या जाळ्यांवर, राज्य सरकारने 2016 मध्ये निर्बंध घातले, तरी रात्री किनाऱ्यावर बसलं की समोर बोटींचे दिवे दिसतातच.

शूटिंग बरंच झालंय. कॅमेरा माझाच आहे, पैसे मात्र संपलेत. पोटापाण्यासाठी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या इडफा या माहितीपट महोत्सवाच्या बर्था फंडाबद्दल ऐकलंय, पण फिल्म इन्स्टिट्यूटचा शिक्का नाही, कंपनी नाही, इंग्रजी बेताचं. आमच्यासारख्यांना देतात का? तीन मिनिटांचा ट्रेलर तयार आहे, पार्श्वसंगीत जबरदस्त झालंय. एका मित्राच्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, आहे. तो म्हणतो, पैसे आमच्या खात्यात घे, मी तुला देतो.

कट_टू_कट
शिक्का कोणी विचारत नाही हो. हा फंड 1998 पासून आहे, तेव्हा नाव वेगळं होतं, आणि तो मुळात आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा भागांतल्या दिग्दर्शकांसाठीच काढलेला आहे. तुम्ही तिथे उपरे नाही.

मात्र विषयाला पैसे मिळतात हा समज आधी डोक्यातून काढा. छोटा मच्छीमार आणि मोठी बोट हे भांडण सेनेगलमध्येही आहे, श्रीलंकेतही आहे. अर्ज वाचणाऱ्याला हे कळायला हवं की तुमच्या वाडीत कोणाच्या घरात तुम्ही कॅमेरा घेऊन बसू शकता आणि पुढच्या हंगामात तिथे काय घडणार आहे. तुम्ही लिहिलंय, सगळी वाडी ओढते. अजून सगळी येते? कोणाची पोरं आता गोव्याला कामाला जातात? वाटे कोण करतं, आणि त्यावरून कोणाचं कोणाशी फाटलंय? फिल्म कशी उलगडेल हे सांगणारी जी ट्रीटमेंट अर्जात मागतात, ती म्हणजे हेच. आमच्याकडे ट्रीटमेंटच्या नावाखाली शोधनिबंध लिहायची खोड आहे: पहिलं पान कोकणचा इतिहास, दुसरं पान आकडेवारी. माणूस येतो चौथ्या पानावर.

ट्रेलर बाजूला ठेवा. जबरदस्त संगीत असेल तर नक्कीच ठेवा. त्याऐवजी दोर ओढायला लागल्यापासून वाटे पडेपर्यंतचा एक सलग सीन कापा, सात-आठ मिनिटांचा, संगीताशिवाय. जाळं जवळजवळ रिकामं आलेला दिवस शूट केला असेल तर तोच घ्या. ट्रेलर काय, कोणीही चकचकीत करून देतो. तुमची नजर कशी आहे आणि माणसं तुमच्यासमोर किती मोकळी वागतात, हे सीनमध्ये लपत नाही. सबटायटल्स मालवणी कळणाऱ्याकडूनच करून घ्या. तिथल्या शिव्या सभ्य इंग्रजीत उतरवल्या की अर्धा माणूस गळून पडतो.

आता बजेट. दिग्दर्शकाच्या मानधनापुढे शून्य लिहू नका. आपल्याला तो विनय वाटतो, वाचणाऱ्याला वाटतं या गृहस्थाला हिशेब येत नाही. आतापर्यंत खिशातून घातलेले पैसे 'स्वतःचा वाटा' म्हणून दाखवा. एकटा फंड सगळा खर्च उचलत नाही, उरलेले कुठून आणणार हे सगळेच विचारतात.

इंग्रजीचं एवढं मनावर घेऊ नका, ते कोणाकडून तरी तपासून घेता येतं. अमेरिकेतल्या सनडान्स आणि इंटरनॅशनल डॉक्युमेंट्री असोसिएशन या संस्थांनी मिळून 'नॉनफिक्शन कोअर अ‍ॅप्लिकेशन' नावाचा अर्जाचा एक सामाईक आराखडा केलाय. तो एकदा नीट भरला की बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फेरफाराने चालतो. आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या आधी कोलकात्याच्या डॉकएज या माहितीपटांच्या मंचाला अर्ज टाका. तिथे मेंटॉर आधी तुमचा प्रोजेक्ट उभा-आडवा सोलतात, मग पैसे देणाऱ्यांसमोर तो मांडायला, म्हणजे पिच करायला लावतात.

जमाखर्च
वरचं सगळं बरोबर, पण मित्राच्या खात्याचा विचार आजच सोडा. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला किंवा व्यक्तीला पुढे द्यायला बंदी आहे. तुमच्यासाठी तो बिचारा आपली नोंदणी गमावून बसेल.

आणि यापेक्षा मोठी अडचण तुम्ही सहज एका वाक्यात सांगून गेलात. नोंदणीकृत वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, संपादक यांना परदेशी देणगी घेताच येत नाही. याच कायद्याच्या कलम 3 मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय.

किनारपट्टी_मालवण
अरे देवा. महिन्याला हातात पडतं ते चहापाण्याएवढं, आणि त्यापायी हे? मग वार्ताहरकी सोडू की फिल्म?

जमाखर्च
दोन्ही इतक्यात सोडू नका. व्यवसायाच्या ओघात केलेल्या कामाचा व्यावसायिक मोबदला देणगीत धरत नाहीत. म्हणून बरेच जण तिकडचा सहनिर्माता शोधतात, आणि एडिट, साउंड मिक्स, कलर ही कामं तिकडेच होतात. पण करार कसा लिहिलाय यावर सगळं अवलंबून. एफसीआरए कोळून प्यायलेला सीए गाठा, जीएसटी भरून देणारा नेहमीचा नको. आणि हे अर्जाआधी करा, निवड झाल्यावर नव्हे.

सई_बेंगळुरू
परदेशी फंडाचं हे लांबलचक प्रकरण चालू राहील, तोवर इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे बघा. संस्था बेंगळुरूची, 1993 ची. म्हणजे तुमचा व्यवहार भारतातल्या संस्थेशी, आणि प्रस्ताव कुठल्याही भारतीय भाषेत चालतो, मराठीत लिहा खुशाल. फक्त 'समस्येवर फिल्म' म्हणून पाठवू नका. ओढतानाचे हाकारे, वाट्यांची पद्धत, दर्याशी जोडलेले विधी असं काही तुमच्या फुटेजमध्ये असेल तर संशोधनाच्या अंगाने मांडा.

किनारपट्टी_मालवण
हाकारे भरपूर आहेत ताई, पण आवाजात वारा फडफडतोय. कॅमेऱ्यावरच्याच माइकने घेतलेत.

कट_टू_कट
मग यंदा रापण सुरू झाली की फक्त आवाजासाठी परत जा. साधा रेकॉर्डर, माइकवर केसाळ विंडशील्ड, आणि जाळ्याच्या दोन्ही बाजूंचे हाकारे वेगवेगळे घ्या. ते अर्जाच्या आधी जमलं तर सीनवर चढवा. सीए मात्र याच आठवड्यात.